लॉरेन्स हॅमंड : वाजवता न येणारा वाद्यनिर्माता

वाद्य घडवणाऱ्याला ते वाजवता आलेच पाहिजे, निदान सुराचा कान तरी असलाच पाहिजे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. आपल्यापासून फार दूर नसलेल्या मिरजेत तंबोरे आणि सतारी करणारी घराणी आहेत. तिथला कारागीर जवारी काढताना घोडीवर कानस चालवतो, तार छेडून ऐकतो, पुन्हा कानस चालवतो. कान हेच त्याचे खरे हत्यार. परंतु विसाव्या शतकात जे विजेचे ऑर्गन अमेरिकेतील हजारो चर्चमध्ये, नाट्यगृहांत आणि घरांत जाऊन पोहोचले, त्याच्या निर्मात्याला ते वाजवता येत नव्हते. त्याचे नाव लॉरेन्स हॅमंड.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी आहे. शोध लावावेत विज्ञान शाखेने, कविता कराव्यात कला शाखेने आणि आम्ही मात्र जमाखर्च लिहावा, असा आमच्याविषयी समज असतो. हॅमंडच्या चरित्रात एक बुडालेली बँक आहे, एक अडचणीत आलेला कारखाना आहे, जाहिरातीवरून झालेला एक खटला आहे आणि एक नाकारलेला सौदा आहे. एवढेच नव्हे, तर त्याच्या सर्वात मोठ्या शोधाला कान पुरवला तो हिशेबखात्यातील एका माणसाने. तेव्हा हे चरित्र वाणिज्याच्या विद्यार्थ्याने सांगणे अगदीच अस्थानी ठरू नये.

लॉरेन्सचा जन्म ११ जानेवारी १८९५ रोजी शिकागोजवळील इव्हान्स्टन या गावी झाला. वडील विल्यम हॅमंड हे शिकागोतील एका बँकेचे अधिकारी होते. १८९६ च्या अखेरीस ती बँक बुडाली आणि १८९७ च्या आरंभी वडिलांनी आपले जीवन संपवले. लॉरेन्स तेव्हा जेमतेम दोन वर्षांचा होता. बँक बुडाली म्हणजे ठेवीदारांवर काय ओढवते हे आपण वर्तमानपत्रांत वाचतो. अधिकाऱ्याच्या घरात काय होते ते सहसा कोणी लिहीत नाही. आई आयडिया ही चित्रकार होती. ती मुलांना घेऊन युरोपात गेली. जिनिव्हा, ड्रेस्डेन, पॅरिस अशा शहरांत लॉरेन्सचे बालपण गेले आणि १९०९ साली तो चौदाव्या वर्षी मायदेशी परतला, तेव्हा फ्रेंच आणि जर्मन या दोन्ही भाषा तो अस्खलित बोलत होता. घरी मराठी, बाजारात कन्नड आणि पाठ्यपुस्तकात इंग्रजी अशी ज्यांची रोजची कसरत आहे, त्या आपल्या संकेश्वर परिसरातील मुलांना याचे फारसे नवल वाटणार नाही. एकाच वस्तूला दोन-तीन नावे असतात हे लहानपणीच कळले, की ती वस्तू दोन-तीन प्रकारे करताही येईल, असे मनात येऊ लागते.

मोटारगाडीचे गिअर आपोआप बदलतील अशी एक योजना त्याने त्याच सुमारास आखली होती. आईच्या सांगण्यावरून ती फ्रान्समधील रेनॉ कंपनीकडे पाठवली. कंपनीने ती नाकारली. नकार म्हणजे काय हे लॉरेन्सला पोरवयातच कळले होते. पुढे त्यानेही एकाला नकार दिला. ती गोष्ट ओघाने येईलच.

१९१६ साली कॉर्नेल विद्यापीठातून यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेऊन तो बाहेर पडला. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्याबरोबर फ्रान्सला जाऊन आला आणि नंतर डेट्रॉइटच्या ग्रे मोटर कंपनीत मुख्य अभियंता झाला. १९२० च्या सुमारास त्याने टिकटिक ऐकू न येणारे घड्याळ तयार केले. स्प्रिंगचे यंत्र आवाज बाहेर जाऊ न देणाऱ्या डबीत बंद करायचे, एवढीच त्यातली युक्ती होती. परंतु त्या युक्तीचे पैसे आले आणि हॅमंडने नोकरी सोडली.

नोकरी सोडून त्याने जे आरंभले ते आजही नवे वाटावे असे आहे. डिसेंबर १९२२ मध्ये न्यूयॉर्कच्या सेल्विन थिएटरात त्याने टेलिव्ह्यू नावाची योजना लोकांपुढे मांडली. प्रत्येक खुर्चीला एक पाहण्याचे यंत्र जोडलेले असे. त्यातील झडप डावा आणि उजवा डोळा आळीपाळीने झाकी, पडद्यावरही डाव्या-उजव्या डोळ्यांची चित्रे त्याच क्रमाने येत, आणि प्रेक्षकाला खोली असलेले चित्र दिसे. कल्पना उत्तम होती, पण प्रत्येक खुर्चीला यंत्र बसवण्याचा खर्च कोणते थिएटर करणार? थोड्याच दिवसांत तो खेळ बंद पडला. हॅमंडजवळ मात्र एक महत्त्वाची गोष्ट शिल्लक राहिली. त्या झडपा फिरवण्यासाठी त्याने विजेच्या प्रवाहाच्या ठेक्यावर चालणारी मोटर वापरली होती.

ही मोटर हेच त्याच्या पुढील सर्व कामाचे मूळ आहे. आपल्या घरातली वीज एकाच दिशेने वाहत नाही. अमेरिकेत ती सेकंदाला ६० वेळा, तर भारतात ५० वेळा आपले आवर्तन पूर्ण करते. त्या आवर्तनांशी बांधलेली मोटर कमी वेगाने फिरत नाही, की जास्त वेगानेही नाही. जणू वीज कंपनीचे जनित्र ठेका धरते आणि गावातील प्रत्येक मोटर त्या ठेक्यावर पाऊल टाकते. हॅमंडने अशी मोटर घड्याळात बसवली आणि १९२८ साली शिकागोत हॅमंड क्लॉक कंपनी काढली. त्या सुरुवातीच्या घड्याळांची मोटर हाताने चक्र फिरवून चालू करावी लागे. वीज गेली की घड्याळ थांबे आणि वीज आली तरी थांबलेलेच राही. आपल्याकडील भारनियमनात हा दोष ठरला असता. पण बंद पडलेले घड्याळ निदान चुकीची वेळ तरी सांगत नाही, हा त्यातला गुणही ध्यानात घ्यायला हवा.

त्यानंतर जागतिक मंदी आली. घड्याळे करणाऱ्या कंपन्या पुष्कळ झाल्या, गिऱ्हाईक उरले नाही. अर्थशास्त्राच्या तासाला आपण मागणी-पुरवठ्याच्या ज्या वक्ररेषा काढतो, त्या हॅमंडच्या कारखान्यात कामगारांच्या चुलीपर्यंत येऊन पोहोचल्या होत्या. १९३२ साली त्याने ब्रिज खेळणाऱ्यांसाठी आपोआप पत्ते पिसून वाटणारे विजेचे टेबल काढले. ते काही काळ खपले, आणि ती हौसही ओसरली. वेग कधीही न चुकवणारी मोटर हाती आहे, कारखाना उभा आहे, कामगार आहेत. मग या मोटरीकडून आणखी काय करून घेता येईल? हा त्याच्यापुढचा प्रश्न होता. उत्तर संगीतात सापडले.

स्वर म्हणजे ठरावीक गतीची कंपने. वेग ठरलेला असेल, तर स्वरही ठरलेला. हॅमंडने एक जुना पियानो आणला, त्याचा कळफलक ठेवला आणि बाकीचे सामान काढून टाकले. मग मोटरीने फिरणाऱ्या दांड्यांवर त्याने लहान लहान पोलादी चकत्या बसवल्या. प्रत्येक चकतीच्या कडेला ठरावीक संख्येने उंचवटे होते. चकतीशेजारी तारेचे वेटोळे गुंडाळलेले लोहचुंबक. उंचवटा चुंबकासमोरून गेला, की वेटोळ्यात विजेची एक लहर उठते. सेकंदाला ४४० उंचवटे गेले, की ४४० लहरी उठतात आणि स्पीकरमधून त्या कंपनसंख्येचा स्वर निघतो. अशा ९१ चकत्या एकाच मोटरीवर फिरत असत. कळफलकाच्या वर ओढता-ढकलता येणारे लहान दांडे होते, त्यांना ड्रॉबार म्हणतात. मूळ स्वरात त्याचे वरचे स्वर किती मिसळायचे ते त्या दांड्यांनी ठरे. भाजीत मीठ, मसाला, गूळ आपल्या जिभेप्रमाणे घालावे, तसा हा स्वरांचा पाक होता.

ही कल्पना सर्वस्वी त्याची नव्हती. थॅडियस काहिल याने १८९७ सालीच अशा प्रकारच्या यंत्राचे पेटंट घेतले होते आणि १९०६ साली न्यूयॉर्कमध्ये ते प्रत्यक्ष वाजवून दाखवले होते. परंतु त्या यंत्राचे वजन सुमारे २०० टन होते. तेव्हा ध्वनिवर्धक उपलब्ध नसल्याने, वीज मोठी करायची तर यंत्रच मोठे करावे लागे. हॅमंडच्या काळापर्यंत निर्वात नळ्यांचे ध्वनिवर्धक आले होते. त्यामुळे काहिलला इमारत लागली, तिथे हॅमंडचे काम एका मेजाएवढ्या लाकडी चौकटीत भागले.

आपल्या संगीत नाटकांतील ऑर्गन या वाद्याहून निराळा. बालगंधर्वांच्या काळापासून मराठी रंगभूमीवर जो ऑर्गन वाजत आला, तो पायाने भाता मारून हवेवर चालणारा, हार्मोनियमचाच थोरला भाऊ. त्याला वीज लागत नाही. हॅमंडचे ऑर्गन मात्र विजेच्या ठेक्याशी जखडलेले. अमेरिकेसाठी केलेले ऑर्गन आपल्या ५० आवर्तनांच्या विजेवर तसेच चालवले, तर सगळे स्वर एकदम तीन पायऱ्या खाली उतरतील. काळी एकची कळ दाबावी आणि खालच्या सप्तकातली काळी पाच ऐकू यावी, असा प्रकार होईल. म्हणूनच ५० आवर्तनांच्या देशांसाठी ही ऑर्गने वेगळी तयार करावी लागत.

आता मी आरंभी उल्लेखलेल्या हिशेबखात्यातील माणसाकडे येतो. डब्ल्यू. एल. लेही हा हॅमंडच्या कंपनीत साहाय्यक खजिनदार होता, आणि फावल्या वेळात जवळच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवत असे. हॅमंडला स्वर मोजता येत होता, पण तो कानाला कसा लागतो हे ठरवायला जाणता माणूस हवा होता. मालकाने खजिनदाराला बोलावून ऐकवायचे आणि खजिनदाराने सांगायचे, की हा स्वर ऑर्गनचा वाटतो अथवा वाटत नाही. दिवसा खतावणी लिहिणाऱ्या माणसाच्या कानावर एका कारखान्याचे भवितव्य अवलंबून होते. मला या चरित्रातील हा भाग सर्वात प्रिय आहे. हॅमंडचा मोठेपणाही मला इथेच दिसतो. आपल्याला जे येत नाही ते ज्याला येते त्याला विचारावे, मग तो हाताखालचा का असेना, एवढी समज त्याच्याजवळ होती.

१९ जानेवारी १९३४ रोजी त्याने पेटंटसाठी अर्ज केला आणि २४ एप्रिल १९३४ रोजी, म्हणजे अवघ्या तीन महिन्यांत, ते मंजूर झाले. मंदीत लोकांना काम मिळवून देणारा उद्योग म्हणून त्याच्या अर्जाची तातडीने दखल घेतली गेली. १५ एप्रिल १९३५ रोजी न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात ऑर्गन लोकांपुढे आले. किंमत साडेबाराशे डॉलरच्या घरात. मोटारींचे कारखानदार हेन्री फोर्ड यांनी सहा ऑर्गनांची मागणी नोंदवली आणि संगीतकार जॉर्ज गर्श्विन यांनीही एक घेतले. पहिल्या तीन वर्षांत सुमारे १,७५० चर्चनी ते विकत घेतले. नळ्यांचे मोठे ऑर्गन ज्यांना स्वप्नातही परवडले नसते, अशी ही लहान लहान चर्च होती.

नळ्यांचे ऑर्गन करणाऱ्यांना हे रुचणे शक्य नव्हते. हॅमंडच्या जाहिरातीत असा दावा असे, की नळ्यांच्या ऑर्गनमधून निघणारे सर्व स्वरप्रकार या वाद्यातून निघतात. १९३६ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनपुढे या जाहिरातींविरुद्ध प्रकरण उभे राहिले. मार्च १९३७ मध्ये शिकागो विद्यापीठाच्या भव्य चर्चमध्ये कसोटी झाली. एका बाजूला ७५,००० डॉलरचे नळ्यांचे ऑर्गन, दुसऱ्या बाजूला हॅमंडचे. ऐकायला संगीतज्ञ आणि विद्यार्थी. कोणते वाद्य वाजते आहे ते न पाहता सांगायचे. जाणकारही अनेकदा फसले आणि विद्यार्थ्यांचे उत्तर तर नाणे उडवून दिल्यासारखे होते. तरीही १९३८ साली आयोगाने निर्णय दिला, की सर्व स्वरप्रकार निघतात असा दावा कंपनीने यापुढे करू नये. मात्र वाद्याला ऑर्गन म्हणण्याचा तिचा हक्क अबाधित राहिला. मला दोन्ही गोष्टी न्याय्य वाटतात. माल उत्तम असला तरी त्याच्याविषयी वाटेल ते बोलण्याचा परवाना विक्रेत्याला मिळत नाही.

या कसोटीत हॅमंडला एक मूक साथीदार लाभला होता, आणि तो म्हणजे ती इमारत. आपल्यापैकी अनेकजण सहलीला विजापूरचा, आजच्या विजयपूरचा, गोलघुमट पाहून आले असतील. तिथे टाळी वाजवली की ती भिंतींवर आपटून पुन्हा पुन्हा परत येते. मोठ्या चर्चमध्येही स्वर असा रेंगाळतो. तिथे पडसाद सुटे ऐकू येत नाहीत. ते एकमेकांत मिसळून त्यांचा एक घुमारा होतो. ऑर्गन संगीताला भारदस्तपणा येतो तो या घुमाऱ्याने. तेच ऑर्गन गालिचा आणि पडदे असलेल्या घरातील बैठकीच्या खोलीत नेले, की कळ सोडताच स्वर तुटतो. घरगुती गिऱ्हाइकांची तक्रार हीच होती, की दुकानात ऐकलेला आवाज घरी येत नाही.

खोलीला चर्च करता येत नाही. परंतु चर्च पेटीत बसवता आले तर? बेल टेलिफोन प्रयोगशाळेत दूरच्या टेलिफोन मार्गावर आवाजाला होणाऱ्या विलंबाचा अभ्यास करण्यासाठी स्प्रिंगचे एक उपकरण केलेले होते. १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस हॅमंडने ते आपल्या स्पीकरच्या पेटीसाठी जुळवून घेतले. ऑर्गनच्या आवाजाचा थोडा भाग विजेच्या रूपाने स्प्रिंगच्या एका टोकाला द्यायचा. टोक थरथरते, ती थरथर वेटोळ्यांतून पुढे सरकते आणि सेकंदाच्या काही शतांश भागानंतर दुसऱ्या टोकाला पोहोचते. तिथून उलट फिरते, पुन्हा येते, क्षीण होत होत विरते. दुसऱ्या टोकाशी ती पकडून मूळ आवाजात मिसळली, की ऐकणाऱ्याला प्रशस्त दालनात बसल्याचा भास होतो. पहिले उपकरण सुमारे चार फूट उंचीचे होते आणि थरथर हवी तेवढीच राहावी म्हणून स्प्रिंगा तेलाच्या नळ्यांत ठेवलेल्या असत. पुढे ते आटोपशीर होत गेले. १९६० च्या सुमारास कंपनीच्या अभियंत्यांनी एका लहानशा पन्हळीत मावेल एवढे केले आणि तेच गिटारच्या ध्वनिवर्धकांत जगभर वापरले गेले. गोलघुमटाला मोहम्मद आदिलशहाची राजवट खर्ची पडली. इथे दोन-तीन स्प्रिंगांत काम भागले. अर्थात त्याला गोलघुमटाची सर नाही, हे सांगायला नकोच.

गिऱ्हाइकाची तक्रार ऐकून त्यावर उपाय शोधणारा हा हॅमंड दुसऱ्या एका माणसाचे मात्र ऐकू शकला नाही. डॉन लेस्ली हा लॉस एंजेलिसचा रेडिओ दुरुस्त करणारा तंत्रज्ञ. त्याने १९३७ साली हॅमंडचे ऑर्गन घेतले, पण कंपनीची स्पीकरची पेटी महाग पडते म्हणून स्पीकर घरीच केला. आवाज त्याला सपाट वाटला. नळ्यांच्या ऑर्गनमध्ये प्रत्येक स्वर वेगळ्या नळीतून, वेगळ्या जागेवरून येतो. इथे सगळे एकाच भोकातून. तेव्हा आवाजच फिरता ठेवला तर काय होईल, असे त्याच्या मनात आले. त्याने लाकडी कपाटासारख्या पेटीत वर फिरता कर्णा बसवला आणि खाली जाड आवाजाच्या स्पीकरसमोर फिरते पिंप. कर्णे दिसायला दोन, पण त्यातला एक मुका. केवळ तोल सांभाळण्यासाठी.

परिणाम समजून घ्यायचा असेल तर पुणे-बेंगळुरू महामार्गाच्या कडेला उभे राहावे. हॉर्न वाजवत येणारी लॉरी जवळ येते तेव्हा हॉर्नचा स्वर चढा लागतो आणि पुढे निघून जाताच तो उतरतो. लेस्लीच्या पेटीतील कर्णा श्रोत्याकडे येतो आणि दूर जातो, एका सेकंदात अनेक वेळा. त्यामुळे स्वर हलकेच चढतो, उतरतो, भिंतींवरून फिरतो आणि जिवंत वाटू लागतो. कर्ण्याचा वेग कमी केला, की तीच लहर संथ होते.

लेस्लीने ही पेटी हॅमंड कंपनीला दाखवली. कंपनीने ती नाकारली. लॉरेन्स हॅमंडला तो आवाज आवडला नाही. १९४० नंतर लेस्लीने स्वतःच उत्पादन सुरू केले. हॅमंड कंपनीने आपल्या वाद्यांची जोडणी बदलून पाहिली, तर लेस्लीने त्याला जुळणारे जोड तयार केले. विक्रेत्यांनी लेस्लीची पेटी ठेवू नये, अशी कंपनीची भूमिका राहिली, तरी गिऱ्हाइके शोधत जाऊन ती आणत. कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या चर्चमध्ये भजनाला रंग भरला तो हॅमंडच्या ऑर्गनने आणि लेस्लीच्या पेटीने मिळून. जॅझमध्ये जिमी स्मिथने हे वाद्य गाजवले. पुढे तर अशी वेळ आली, की हॅमंडचा आवाज म्हणून लोक जो ओळखत, त्यातला अर्धा आवाज हॅमंडने नाकारलेला होता.

हॅमंडने असे का केले असेल? अहंकार हे सोपे उत्तर आहे. मला वाटते, त्याच्या सर्व कामाचा पाया स्थिर वेग हा होता. घड्याळ चुकू नये, स्वर हलू नये, यासाठी त्याने आयुष्य वेचले. आणि हा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस तोच स्थिर स्वर मुद्दाम हलवून दाखवत होता. यंत्राच्या दृष्टीने तो दोष, कानाच्या दृष्टीने तो गुण. लेहीचा कान ऐकणारा मालक आता मोठा कारखानदार झाला होता आणि कान देण्याची पहिली गरज संपली होती. यशाबरोबर हा धोका येतो, असे मला वाटते, आणि तो केवळ अमेरिकेतच येतो असे नाही.

त्याचे उर्वरित आयुष्यही कामात गेले. १९३९ च्या सुमारास त्याच्या कंपनीने १६३ निर्वात नळ्यांचे नोव्हाकॉर्ड हे वाद्य काढले. युद्धामुळे ते लवकरच बंद झाले. १९४० साली फ्रँकलिन इन्स्टिट्यूटने त्याला पदक दिले. दुसऱ्या महायुद्धात त्याने लक्ष्याकडे वळणाऱ्या बाँबच्या नियंत्रणावर काम केले. वाद्य करणाऱ्या हातांनी हेही काम केले, ते झाकून ठेवण्याचे कारण नाही. १९५५ साली त्याने अध्यक्षपद सोडले, १९६० साली तो निवृत्त झाला आणि १ जुलै १९७३ रोजी कनेक्टिकट राज्यातील कॉर्नवॉल येथे वारला. त्याच्या नावावर शंभराहून अधिक पेटंटे होती. त्याच्यानंतर दोनच वर्षांनी, १९७५ मध्ये, चकत्यांच्या ऑर्गनचे उत्पादन थांबले. आणि १९८० साली हॅमंड कंपनीने लेस्लीचा व्यवसाय विकत घेतला. चाळीस वर्षांपूर्वी घरी चालून आलेली वस्तू अखेर बाजारातून आणावी लागली.

वाणिज्याच्या पुस्तकांत मालमत्तेची यादी असते. इमारत, यंत्रे, येणी, रोख शिल्लक आणि नावलौकिक. गिऱ्हाइकाच्या आणि हाताखालच्या माणसाच्या बोलण्याकडे कान देणे, या गोष्टीला ताळेबंदात रकाना नाही. हॅमंडच्या कारखान्याला मंदीतून वर काढले ते त्याच मालमत्तेने, आणि ती कमी पडली तिथे नफा दुसऱ्याच्या खात्यावर जमा झाला. आज गणेशोत्सवातील ऑर्केस्ट्रात जे की-बोर्ड वाजतात, त्यांतील पुष्कळांत ऑर्गनच्या आवाजाची एक कळ असते, घुमाऱ्याची एक असते, आणि काहींत फिरत्या कर्ण्याचीही असते. एका माणसाचे स्वरचक्र, टेलिफोनवाल्यांची स्प्रिंग आणि एका रेडिओ तंत्रज्ञाचा नाकारलेला कर्णा तिथे शेजारी शेजारी नांदतात. कोणाचे कोणाशी भांडण होते, हे वाजवणाऱ्याला ठाऊकही नसते. त्याच्या बोटांखाली जुने तंटे मिटले आहेत, आणि मंडपातल्या श्रोत्यांना त्याचा लाभ झाला आहे.